सोजराबाईंचा उजवा हात

मांडवगण फराट्यातून भीमेकडं जाणाऱ्या रस्त्याला अनिताचं घर. घरामागं कांदाचाळ, आणि चाळीला लागून पत्र्याची एक खोली. पूर्वी तिथं खताच्या गोण्या असायच्या. आता टेबल, पंखा आणि भिंतीला चिकटवलेलं माणसाच्या मज्जातंतूंचं मोठं चित्र होतं. त्याच खोलीत बसून अनितानं तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या.

लग्नाआधी तिनं शिरूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं होतं. प्रयोगशाळेत नोकरी करायचं राहिलं, पण विज्ञानाचं वेड गेलं नाही. सकाळची धार, भाकरी उरकल्या आणि नवरा दत्ता डेअरीला दूध घालून शेताकडं वळला, की ती खोलीत शिरायची. आधी फोनवर काहीतरी नवं संशोधन वाचायचं, मग लिहायला बसायचं. दुपारी जनावरांचं पाणी, संध्याकाळी पुन्हा धार. मुलगी शितल पुण्यात शिकायला होती. घरात राहिली तिघं जणं: ती, दत्ता आणि सासू सोजराबाई.

गावात तिला मान होता, पण तो जरा थट्टेचा. गेल्या वर्षी नळाला काळपट पाणी आलं तेव्हा अनितानं घरोघरी फिरून लोकांना ते पिऊ दिलं नाही. बायाबापड्यांनी लांबून हंडे आणले. मग तपासणीचा अहवाल आला, पाणी ठीक होतं, नुसता गंज होता. तेव्हापासून लोक तिला ‘शास्त्रज्ञ बाई’ म्हणत. दत्ताही चारचौघांत हसायचा. ती वरवर हसून घ्यायची, पण काही वाटलं तरी पटकन बोलायचं नाही, एवढं ती त्या प्रकरणातून शिकली होती.

ऊसतोडीचे दिवस होते. नव्या कादंबरीतली मुलगी मेंदूचा अभ्यास करणारी होती. हाताच्या बोटाला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत कसा जातो, त्यावर एक प्रकरण चाललं होतं. अनिता भिंतीवरच्या चित्रात बोटापासून खांद्यापर्यंत गेलेली पिवळी रेघ बघत होती, तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडली.

चंद्रीचा आवाज तिला पाठ होता. हा आवाज तिचा नव्हता. घोगरा, फाटका आणि मध्येच तुटणारा. ओरडण्याची सुरुवात व्हायची आणि घशातच विरून जायची.

चंद्रीनं आदल्या दिवसापासून वैरण सोडली होती. दत्ता म्हणत होता, उसाचं वाढं खाताना घशात अडकलं असणार. अनिता गोठ्यात आली तेव्हा दत्तानं दावं आवळून धरलं होतं आणि सोजराबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत म्हशीच्या तोंडात होता.

“काय लागतंय का?” दत्तानं विचारलं.

“काय न्हाई. कालबी न्हाई, आजबी न्हाई,” सोजराबाई म्हणाल्या. “पर गिळंना का झालीय?”

त्यांनी हात बाहेर काढला. हाताला चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. मनगटाच्या वर दाढेनं ओरखडलेलं होतं आणि त्यातून रक्ताचे बारीक थेंब वर आले होते. समोर पाण्याची बादली होती. चंद्रीनं तोंड पाण्यात घातलं, घसा ताणला, आणि पाणी तसंच नाकातोंडातून परत बाहेर आलं. मागचे पाय लटपटत होते.

 अनिताला कॉलेजात सरांनी एकदा सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं आठवलं: जनावराच्या घशात काही अडकल्यासारखं वाटतं, शेतकरी हात घालतो, आणि तिथंच चूक होते.

त्या रोगाचं नाव तिनं उच्चारलं नाही. सोजराबाईंना दंडाला धरून तिनं नळाखाली नेलं आणि कपड्याचा साबण घेऊन त्यांचा हात धुवायला लागली.

“आगं किती धुशील? कातडं निघंल माझं,” सोजराबाई हसल्या.

“थांबा आत्या. अजून थोडं.”

पाणी वाहत राहिलं. साबण आपल्याही बोटाला झोंबतोय हे अनिताला कळत होतं, पण लक्ष तिकडं नव्हतं. सकाळी विळीवर मेथीच्या मुळ्या कापताना तर्जनीला चीर गेली होती.

मग ती दत्ताला चाळीमागं घेऊन गेली. “चंद्रीला पिसाळ लागलाय असं वाटतंय मला.”

दत्ता तिच्याकडं बघतच राहिला. “कुत्रं कुठं चावलंय तिला?”

“मागं एक कुत्रं गोठ्यात शिरलं होतं म्हणून वस्तीवरचे हरिबा मामा सांगत होते ना? त्यांनीच काठीनं हाकललं ते.”

“त्याला झाला की दीड-दोन महिना. आन् चावल्याचं कुणी बघितलंय? हे बघ, तुझं ते पाण्याचं झालं तसं होईल. डेअरीत नुसता शब्द गेला ना, तर उद्यापासून आपलं दूध कोण घेणार न्हाई. सगळ्या वस्तीचं दूध बंद करतील. मग तोंड कुठं दाखवायचं?”

“माझं चुकलं तर माझं तोंड काळं होईल. बरोबर निघालं तर?”

 दत्तालाही भीती वाटत होती हे त्याच्या हातांवरून दिसत होतं. दाव्याचा तुटका तुकडा तो उगाच बोटाला गुंडाळत होता. अनितानं शिरूरला जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर दुपारी आल्या. करिश्मा मॅडम, वयानं तिशीच्या आतल्या, बोलणं मोजकं. त्यांनी हातमोजे घातले, पण चंद्रीच्या जवळ गेल्या नाहीत. लांबूनच बराच वेळ बघितलं. चंद्रीनं दाव्याला हिसका दिला, गव्हाणीच्या लाकडावर दात आपटले आणि पुन्हा तो फाटका आवाज काढला. मॅडम मागं सरकल्या.

“लक्षणं पिसाळल्याचीच आहेत. नक्की काय ते मेंदू तपासल्यावर कळेल. आता हिच्याजवळ कुणी जायचं नाही. आणि मला खरं सांगा, तोंडात हात कुणी घातला होता का?”

सोजराबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात हळूच पदराखाली घेतला.

“कुणीच न्हाई,” त्या म्हणाल्या.

दत्ता खाली बघत होता. अनितानं सासूकडं पाहिलं. सोजराबाईंचे डोळे तिला विनवत होते, आणि असं विनवताना तिनं त्यांना लग्नापासून कधी बघितलं नव्हतं.

“आत्यांनी घातलाय,” अनिता म्हणाली. “काल आणि आज. ओरखडाही आहे. आणि ह्यांनी दावं धरलं होतं, लाळ ह्यांच्याही अंगावर उडालीय.”

“आणि तुम्ही?”

“मी नाही घातला,” म्हणत तिनं सहज हाताकडं बघितलं. तर्जनीवरची चीर पाण्यानं पांढरी पडून उघडी झाली होती. लाळेनं भरलेला तो हात तिनं याच बोटांनी चोळून चोळून धुतला होता. “लाळ लागलीय,” ती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला.

“तिघंही आजच दवाखान्यात जा. उद्यावर टाकू नका. लस आणि सिरम दोन्ही लागेल, हे तिथं सांगा.” एवढं बोलून मॅडम फोनवर पुण्याच्या प्रयोगशाळेशी बोलायला रस्त्यावर गेल्या.

सोजराबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दाराला आतून कडी लावली.

“आत्या, दार उघडा.”

“मी कुठं येणार न्हाई.”

“इंजेक्शन घेतलं की काही होत नाही. आता पोटात देत नाहीत, दंडात देतात.”

“तू मला शिकवू नगं. मी बघितलंय.”

दाराच्या फटीतून त्या बोलत राहिल्या, आणि हे बोलणं अनितानं आजवर कधी ऐकलं नव्हतं. सोजराबाईंचं माहेर भांडगावचं. त्यांचा पाठचा भाऊ गोकुळ. त्याला कुत्रं चावलं तेव्हा वडलांनी कुणाकडून तरी झाडपाल्याचं औषध आणून पाजलं. जखम भरली, पोरगं खेळायला लागलं, सगळे विसरले. मग एक दिवस त्यानं पाण्याचा तांब्या भिरकावला. त्याला जनावरांच्या छपरात मेढीच्या खांबाला बांधलं. सोजराबाई तेव्हा परकर नेसायच्या वयाच्या. त्या बाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना कुणी आत जाऊ दिलं नाही.

“त्यो माझं नाव घेऊन हाका मारत हुता,” सोजराबाई म्हणाल्या. “सोजे, सोड मला. सोजे, सोड मला. एकदा का ह्या रोगाचं नाव निघालं की माणसं दावं घेऊनच येत्यात. मला बांधू नका गं. मी हितंच मरते, पर मला बांधू नका.”

अनिता दाराला टेकून खाली बसली. तिच्या डोक्यात भिंतीवरचं ते चित्र होतं. बोटापासून निघालेली पिवळी रेघ, मनगट, कोपर, खांदा, मान. तो विषाणू रक्तातून धावत नाही. तो मज्जातंतू धरून मुंगीसारखा सरकत जातो, एवढं तिला माहीत होतं. हे वाचताना तिला नवल वाटायचं. आता ती स्वतःच्या हाताकडं बघत होती आणि चित्रातलं सगळं अंतर फार तोकडं वाटत होतं.

“आत्या,” ती म्हणाली, “माझ्या बोटाला चीर आहे. तुमचा हात धुताना लाळ त्यात गेलीय. जे तुम्हाला, तेच मला. तुम्ही आलात तर मी येते. तुम्ही नाही आलात तर मी पण इथंच बसते.”

कडी हलली नाही.

“शितलला काय सांगायचं ते ह्यांना विचारा,” अनिता म्हणाली.

ती खरंच बसून राहिली असती का, हे तिलाही पुढं कधी सांगता आलं नाही. पण तिला ते बोलताना इतकी भीती वाटत होती, की त्यात खोटेपणाला जागाच नव्हती. कडी निघाली. सोजराबाई दारात उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेला, पायात चपला.

“चल,” त्या म्हणाल्या. “तू कशाला मरतीस?”

जवळच्या सरकारी दवाखान्यात लस मिळाली. पण ओरखड्याभोवती टोचायचं सिरम तिथं नव्हतं. “दौंडला आहे, मी बोलून ठेवतो, लगेच निघा,” असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दत्तानं पिकअप भीमेच्या पुलाकडं वळवली.

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर घराच्या उंचीचा ऊस, आणि स्पीकरवर मोठ्यानं गाणी. पुढं जायला वाव नव्हता. दत्ता हॉर्नवर हात ठेवून होता. मधे बसलेल्या सोजराबाई एकटक समोर बघत होत्या.

“पाणी हाय का?” त्यांनी विचारलं.

अनितानं बाटली दिली. सोजराबाईंनी घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. पाणी नाकातून आलं, लुगड्यावर सांडलं. त्या खोकत राहिल्या, डोळे वर गेले.

दत्तानं गाडी कचकन थांबवली. मागून हॉर्न वाजले.  काल घातलेल्या हातानं आज असं होत नाही, महिने लागतात, कमीत कमी आठवडे तरी लागतात, हे अनिताला पक्कं ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं तिनं. पण त्या क्षणी त्यातलं काहीएक तिच्या मदतीला आलं नाही. तिला फक्त चंद्रीच्या नाकातून परत आलेलं पाणी दिसत होतं.

“गाडी हलली म्हणून ठसका लागला,” सोजराबाई धापा टाकत म्हणाल्या. मग दोघांची तोंडं बघून त्यांनाही कळलं. त्यांनी बाटली परत तोंडाला लावली आणि अर्धी बाटली सावकाश, एकेक घोट करत संपवली.  दत्तानं गाडी पुन्हा चालू केली तेव्हा त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

दौंडच्या डॉक्टरांनी सोजराबाईंचा हात दिव्याखाली धरला. ओरखड्याच्या कडेकडेनं सुई जाताना त्यांनी अनिताचा दंड इतका घट्ट आवळला की नखं उमटली. पण ओरडल्या नाहीत. मग अनिताच्या बोटाची पाळी आली. बोटात जागाच कमी. औषध आत शिरताना हाड फुटल्यासारखं वाटलं. दत्ताला ओरखडा नव्हता, त्याला नुसती लस पुरेशी होती.

“हात लगेच धुतला, हे फार बरं केलं,” डॉक्टर म्हणाले. “आता राहिलेली इंजेक्शनं वेळेवर घ्या. चुकवू नका.”

“म्हंजी आता काय व्हणार न्हाई?” सोजराबाईंनी विचारलं.

“नाही होणार, आजी.”

“ल्याहून द्या की.”

डॉक्टर हसले. सोजराबाई हसल्या नाहीत.

तिघं घरी आली तेव्हा चंद्री गेली होती. करिश्मा मॅडमनी नमुना घेतला होता आणि हरिबा मामांनी जेसीबी बोलवून बांधाच्या कडेला खोल खड्डा करून, चुना टाकून तिला पुरलं होतं. गोठ्यात गव्हाणीच्या लाकडावर दातांचे ओरखडे तेवढे राहिले होते. दत्तानं दुसऱ्या दिवशी ते लाकूड जाळलं.

अहवाल येईपर्यंत गावात दोन तट पडले. काहीजण म्हणाले, शास्त्रज्ञ बाईनं पुन्हा घाबरवलं. डेअरीनं खरोखरच वस्तीचं दूध घेणं थांबवलं. शेजारच्या गिताबाई रस्त्यात अनिताला बघून तोंड फिरवून गेल्या. अनिता रात्री पडल्या पडल्या विचार करायची, चुकलं असलं तर बरं. आयुष्यभर लोक हसू देत, पण चुकलं असू दे.

चुकलं नव्हतं. करिश्मा मॅडमचा फोन आला तेव्हा अनिता कणीक मळत होती. तिनं हात न धुताच फोन उचलला, ऐकलं, आणि परत मळायला लागली. कणीक केव्हाच मळून झाली होती तरी तिचे हात थांबेनात.

मग लोकांची धावाधाव सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी चंद्रीचं दूध घेतलं होतं ते सगळे ओट्यावर येऊन उभे राहिले. गिताबाई सगळ्यात पुढं. त्यांच्या नातवाला, रुद्रला, चंद्रीच्या धारेखाली तोंड धरून निरसं दूध प्यायची सवय होती. 

“अनिता, माझं पोरगं मरंल का गं?”

पाण्याच्या वेळी अनिता ठामपणे बोलली होती. या वेळी तिनं आधी मॅडमना आणि दौंडच्या डॉक्टरांना विचारलं, मग सांगितलं. ज्यांनी उकळलेलं दूध घेतलं त्यांना काही धोका नाही, चहाही चालतो. जे निरसं दूध प्यायले, ज्यांना लाळ लागली, त्यांनी उद्या तिच्याबरोबर यायचं. रुद्रलाही. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी दत्ताची पिकअप भरून माणसं लसीला गेली.

इंजेक्शनं पूर्ण झाली. डेअरी वस्तीचं दूध पुन्हा घ्यायला लागली. दत्ता म्हणाला, आता लिहायला बस. अनिता खोलीत गेली, चित्राखाली बसली आणि काहीच लिहू शकली नाही. बोटाला मुंग्या आल्या की ती उठून पाणी पिऊन बघायची. सोजराबाई चहा प्यायला बसल्या की दारातून त्यांच्या घशाकडं बघायची. लस घेतलेला माणूस बहुतेक वेळा वाचतोच, हे तिनं फोनवर कितीदा तरी वाचलं. वाचून झालं की ‘बहुतेक’ हा शब्द तेवढा मागं उरायचा. एका सकाळी तिनं भिंतीवरचं चित्र काढून, गुंडाळून कांदाचाळीत टाकलं.

उन्हाळा आला. एका दुपारी सोजराबाई खोलीच्या दारात येऊन बसल्या. या खोलीत त्या फारशा येत नसत.

“रोज माझ्या घशाकडं काय बघतीस गं?” त्यांनी विचारलं.

अनिता ओशाळली. “भीती वाटते आत्या.”

“मलाबी वाटती. मी तुझ्याकडं बघती, तू खोलीत असलीस की.” त्या उंबऱ्यावर पुढं सरकल्या. “एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“गोकुळला ही सुई मिळाली असती, तर त्यो वाचला असता का?”

अनिताला उत्तर ठाऊक होतं. तेव्हा पोटातली इंजेक्शनं होती. पुण्यात मिळत होती. भांडगावहून पुण्याला गाडी जात होती. ती म्हणू शकली असती, तेव्हा काही नव्हतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. म्हातारीला बरं वाटलं असतं.

“लगेच नेलं असतं, तर बहुतेक वाचले असते,” ती म्हणाली.

सोजराबाईंनी मान हलवली. बराच वेळ त्या उजव्या हाताच्या मनगटावरून डावा अंगठा फिरवत राहिल्या. ओरखड्याची खूण आता दिसतही नव्हती.

“माझ्या बापाला ठावं नव्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्यो लई रडायचा नंतर.”

“हो.”

“तुला ठावं हुतं म्हणून मी बसलीया हितं.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “पर भ्या काय जात न्हाई बघ.”

“नाही जात,” अनिता म्हणाली.

बाहेर उसाच्या कडेनं एक कुत्रं चाललं होतं. कुणाचं होतं कुणास ठाऊक; नेहमीसारखं वाकडी शेपटी करून, जमीन हुंगत. दोघी दारात उभ्या राहून, ते ऊस ओलांडून पलीकडच्या बांधावर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. मग सोजराबाईंनी गोठ्याचं फाटक ओढून घेतलं, कडी लावली आणि ती नीट बसलीय का ते दोनदा हलवून बघितलं.